नव्व्याण्णव मेंढरांची राखण

ये गं, अशी जवळ सरक. तो मोबाईल आधी पालथा ठेव. हे पत्रात लिहिलेलं असलं म्हणून काय झालं, मी बोलतेच आहे, आणि बोलणाऱ्या माणसाकडं बघायचं असतं. गणपतीला येते म्हणालीस, आली नाहीस. दिवाळीला तुझ्याऐवजी मिठाईचा डबा आला. डबा काही माझ्याशी भांडत नाही, की रात्री उठून पांघरूण घालत नाही. बरं, ते राहू दे. रागवायला लागले की मी मुद्दा विसरते.

मुद्दा असा, की परवा फोनवर तू म्हणालीस, पोरगी कार्टून लावल्याशिवाय घास गिळत नाही. आणि वर हसून विचारलंस, "आजी, तुझ्या लहानपणी कार्टून होतं का गं?"

होतं. एकच होतं. दोन वर्षं आम्ही तेच पाहिलं, आणि ते गेलं ते माझ्यामुळं गेलं. हे मी तुझ्या आजोबांनासुद्धा कधी सांगितलं नाही. आता वय झालं, आता सांगायला हरकत नाही.

आमची वाडी वेल्ह्याच्या पुढं, पासलीच्या अंगाला. भात, डोंगर आणि पाऊस, याखेरीज तिथं काही पिकत नसे. वीज नव्हती. शाळा म्हणजे एक खोली आणि एक गुरुजी. तेही शनिवारी भोरला जात ते सोमवारी दुपारी उगवत. मी तिसरीत होते आणि माझी जीभ सातवीत होती, असं गुरुजी म्हणायचे.

त्या शाळेत महिन्यातून एकदा बाई यायच्या. भोरला मिशनचा एक लहानसा दवाखाना होता, तिथल्या नर्सबाई. मूळच्या नगरकडच्या. त्यांना नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. 'शिनेमाच्या बाई' म्हटलं की झालं. पांढरं लुगडं, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि बारा महिने काळी छत्री. उन्हापावसात ठीक आहे, पण आभाळ स्वच्छ असताना, आत ओसरीवर बसूनसुद्धा ती मांडीवर असायची. पाटलांनी एकदा विचारलं, "बाई, घरात कशापायी वो छत्री?"

"तुमच्या कौलांवर माझा विश्वास नाही," बाई म्हणाल्या.

आता हे पाटलाला, तोंडावर! पण बाई तशाच. खोटं बोलायचं नाही म्हणजे नाही. आणि नुसतं खोटंच नाही गं, समोरच्याला बरं वाटावं म्हणून आपण चिमूटभर साखर घालतो ना बोलण्यात, तीसुद्धा नाही. आमच्या आईनं पहिल्यांदा त्यांना जेवू घातलं तेव्हा रीतीप्रमाणं म्हणाली, "गोड मानून घ्या बाई, गरिबाची भाकरी हाय."

बाईंनी भाकरी उलटून बघितली. "करपली आहे. त्याचा गरिबीशी संबंध नाही. जाळ कमी करा."

आईनं चुलीतलं एक लाकूड मागं ओढलं. बाई गेल्यावर म्हणाली, "लई फटकळ हाय बया." पण पुढच्या महिन्यात बाई यायच्या दिवशी ती तव्यापुढून हलली नाही, आणि बाईंनी पहिला घास घेऊन नुसतं "हं" केलं, तर त्या एका 'हं'वर तिनं आठवडा काढला. अख्ख्या वाडीला सांगत सुटली. चुलत्यांच्या लग्नात नवी नवरी बघून सगळ्या बाया म्हणाल्या, लक्ष्मी आली. बाईंनी नवरीची पापणी खाली ओढून बघितली आणि म्हणाल्या, "रक्त कमी आहे. लोखंडी कढईत पालेभाजी करून घाला." नवरी रडली. पण पुढं तीच काकू प्रत्येक बाळंतपणाला बाईंचं नाव काढायची.

त्यांना एकाच गोष्टीची भीती वाटे. बैलांची. देवीच्या साथीत त्या घरोघर फिरल्या होत्या, साप निघाला तर छत्रीनं बाजूला सारत, पण बैल दिसला की ओठ पांढरे. आणि वेल्ह्याला एस.टी.तून उतरलं की पुढं बैलगाडीच. मग त्या गाडीत बैलांकडं पाठ करून, पाय मागं सोडून बसत. "दिसलं नाही की भीती वाटत नाही," म्हणत. त्यामुळं आमच्या वाडीत बाई कायम पाठमोऱ्या आल्या. लांबून आधी छत्री दिसायची, मग अंबाडा, आणि गाडी थांबून त्या उतरल्या की मग तोंड.

आणि मांडीवर मशीन.

मशीन म्हणजे पत्र्याची पेटी, पुढं एक नळकांडं, बाजूला हँडल. आत दिवा, तो पेटायचा दवाखान्याच्या जीपच्या जुन्या बॅटरीवर. एस.टी.त बाई त्या मशीनला शेजारच्या सीटवर बसवत आणि कंडक्टरकडं त्याचं अर्धं तिकीट मागत. कंडक्टर म्हणे, "अवो बाई, सामानाला सीट नस्ती. वर टाका."

"हे सामान नाही. लहान मुलांचं आहे. अर्धं तिकीट द्या."

"लहान पोरांचं म्हंजी लहान पोर हाय का ते?"

"तुम्ही त्याला वर टाकायला निघालात, म्हणून विचारते, पोराला टाकता का वर?"

भोरपासून वेल्ह्यापर्यंत हे भांडण पुरायचं. आम्हाला ते कसं कळायचं, ते पुढं सांगते.

मशीन घेऊन आल्या त्या पहिल्या दिवशी पाटलांनी बाईंना चावडीवर थांबवलं. दहा माणसं जमली. पाटील खाकरले. "बाई, येक इचारू का? तुमचा ह्यो शिनेमा बघून आमची पोरं बाटायची तर न्हाईत ना?"

बाईंनी शांतपणे छत्री मिटली. "पाटील, सिनेमा बघून माणूस बदलतो, हे मला कुठं दिसलेलं नाही. मी हाच सिनेमा सात वर्षं बघते आहे. त्यात सांगितलंय, क्षमा करा. माझा राग अजून गेलेला नाही."

पाटलांना हे पटलं. त्यांनी बाईंचा राग नुकताच कौलांच्या प्रकरणात पाहिला होता.

सिनेमा भर दुपारी व्हायचा. शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या टांगायच्या की आत मिट्ट काळोख. घोंगड्या बिरूआबांच्या. बिरूआबा म्हणजे आमच्या वाडीतले म्हातारे धनगर. साठ वर्षं मेंढरांमागं चालले, मग घाटात पाय मोडला आणि ते इथं राहिले. पोरं दर साल दिवाळीनंतर कळप घेऊन घाटानं कोकणात उतरायची, आणि बिरूआबा वाडीच्या तोंडाशी काठी टेकून त्यांच्या वाटेकडं बघत बसायचे. घोंगड्या द्यायच्या म्हणून सिनेमाला त्यांची जागा पहिल्या रांगेत, आम्हा पोरांत.

पडदा म्हणजे दवाखान्यातली चादर. तिच्या वरच्या कोपऱ्यात आयोडिनचा पिवळा गोल डाग होता. नेमका आभाळात यायचा. आम्हाला कितीतरी महिने वाटत होतं, तो सिनेमातला सूर्य आहे.

आता कार्टून ऐक. हरवलेल्या मेंढराची गोष्ट. एका मेंढपाळाची शंभर मेंढरं असतात, एक हरवतं, तो ते शोधायला जातो, सापडतं, खांद्यावर घेऊन येतो. संपलं. पण कुणी काढलं होतं ते देव जाणे. त्या माणसाला पगार कमी असावा. मेंढपाळ चालायचा तेव्हा त्याचे पाय हलत, हात हलत नसत. बोलायचा तेव्हा नुसती दाढी हलायची. एकच झाड अकरा वेळा मागून जायचं; आम्ही मोजायचो आणि अकरावं आलं की टाळ्या वाजवायचो. लांडगा होता, तो थेट पोलीसपाटलांच्या कुत्र्यासारखा दिसायचा, त्यामुळं त्याला कुणी भीत नसे, उलट त्याचं नाव घेऊन हाक मारीत. आणि मेंढरं मोजून चार.

"बाई, चारच हायती!" पहिल्याच दिवशी मी ओरडले.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, बाकीची डोंगरामागं आहेत. बाई खोटं कशाला बोलतील? म्हणाल्या, "चित्रकारानं चारच काढली. तो थकला असेल. चार म्हणजे शंभर, समजा."

'समजा' हा बाईंचा शब्द. त्यांच्या सगळ्या खरेपणाला तेवढं एकच दार होतं, आणि ते त्यांनी राजरोस उघडं ठेवलं होतं. आहे म्हणणार नाहीत. समजा म्हणतील.

मशीनला आवाज नव्हता. बरोबर एक छापील पुस्तिका होती, ती वाचायची असा नियम. पण ती फार जड मराठीत होती, म्हणून बाई आपल्याच तोंडानं सांगत. मेंढपाळाचा आवाज त्यांचा स्वतःचा, मेंढराचा बारीक. आणि दोन्ही हात हँडलवर. आता ते एस.टी.चं सांगते. हँडल हातानं फिरवायचं, त्यामुळं बाईंचा जीव जसा, तसा मेंढपाळाचा पाय. कंडक्टरनं मशीनला मुकाट्यानं अर्धं तिकीट दिलं असेल त्या दिवशी मेंढपाळ देवळाला निघाल्यासारखा संथ चालायचा. भांडण झालं असेल तर तो अकरा झाडं अशी काही ओलांडायचा, की आम्हाला वाटे, मेंढरू त्यानंच चोरलंय. पोरं लगेच ओळखायची. "आज वेल्ह्यातोवर भांडण झालंय रं!"

पण खरी गंमत बिरूआबांनी केली. तो पहिलाच खेळ. मेंढपाळाला कळलं, एक मेंढरू नाही. त्यानं दाढी हलवली. बाई म्हणाल्या, "मग नव्व्याण्णव मेंढरं तिथंच रानात सोडून तो निघाला."

बिरूआबा उठले. काठीसकट पडद्यापुढं जाऊन उभे राहिले. त्यांच्या मुंडाशाची सावली अख्ख्या चादरीवर.

"थांबवा."

"आबा, खाली बसा," बाई म्हणाल्या.

"न्हाई बसायचा. ह्यो कसला धनगर? येकापायी नव्व्याण्णव रानात टाकून कोण जातंय व्हय? लांडगा काय म्हणंल, बसतो हितंच राखणीला? कुत्री कुठं हायती ह्याची? घोंगडं कुठं हाय?"

"आबा, ही गोष्ट आहे. देवाला एकसुद्धा हरवलेलं चालत नाही, असा तिचा अर्थ."

"अर्थ पटला. पर राखण कोण करतंय त्ये सांगा. आधी राखण सांगा, मंग शिनेमा फिरवा."

बाईंनी हँडल थांबवलं होतं. मेंढपाळ एक पाय उचलून तसाच उभा. आणि असं थांबलं की दिव्याची धग एकाच चित्राला लागते, हे आम्हाला काय ठाऊक? मेंढपाळाचा गुडघा तपकिरी व्हायला लागला. मग त्यातून धूर निघायला लागला.

"बाई, त्याचा गुडगा जळतुया!" मी किंचाळले.

"आबा, बाजूला व्हा!"

"राखण सांगा!"

मशीन जळायला लागलं, म्हातारा हलेना. बाई अशा ओरडल्या, की बाहेर बांधलेली म्हैस उठून उभी राहिली. "समजा, शेजारी एक धनगर बसला होता! त्याला सांगून गेला!"

आबांनी विचार केला. "नाव काय त्याचं?"

"बिरू!"

"मंग जाऊ द्या त्याला," आबा म्हणाले, आणि येऊन खाली बसले.

त्या दिवसापासून आमच्या गोष्टीत एक माणूस वाढला. चित्रात तो नव्हताच, पण बाई त्या जागी आल्या की न चुकता म्हणायच्या, "समजा, शेजारी बिरू बसला होता." आबा मान डोलवायचे, मेंढपाळ निघायचा, आणि पुढच्याच क्षणी त्याच्या गुडघ्यात भोक पडायचं आणि बुजायचं. दोन वर्षं आम्ही ते भोक बघायला मान उंच करून बसायचो. ते मशीन, ते भोक, तो आयोडिनचा सूर्य. महिन्याच्या बाकीच्या एकोणतीस दिवसांत आमच्याकडं दुसरं काही नव्हतं गं. पाऊस लांबला, घरात भांडण झालं, मार बसला, तरी पोरं म्हणायची, बाई येतील आता.

मग एका महिन्यात बाई एक दिवस आधीच आल्या. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरलेला पाहिला. पोरांना, म्हाताऱ्यांना, सगळ्यांना शाळेत बसवलं.

"उद्या पुण्याहून मोठे साहेब येणार आहेत. अशी मशीनं थोडी आहेत आणि मागणारे पुष्कळ. गोष्ट नेमून दिल्याप्रमाणं सांगतात की नाही, ते साहेब बघणार. मी तशी सांगत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. उद्या साहेब स्वतः पुस्तिका वाचतील. मध्ये कुणीही बोलायचं नाही. बिरूआबा, तुम्हीसुद्धा."

"आन् राखण?" आबा कुरकुरले.

"एक दिवस मेंढरं देवाच्या भरवशावर राहतील."

"त्येला तरी इचारलं का?" म्हणाले, पण कबूल झाले.

"खोटं बोलायचं का बाई?" मी विचारलं.

"नाही. गप्प बसायचं. गप्प बसणं म्हणजे खोटं नाही."

साहेब जीपमधून आले. बुटांना चिखल लागू नये म्हणून जपून चालत होते, पण माणूस बरा होता. आम्हाला लिमलेटच्या गोळ्या आणल्या होत्या. बाई हँडलवर बसल्या. मेंढपाळ इतका संथ चालत होता, इतका संथ, की मला रडू यायला लागलं. साहेब पुस्तिका वाचत होते. नव्व्याण्णव सोडून निघण्याची जागा आली. आबांनी घोंगडीचं टोक तोंडात कोंबून घेतलं. कुणी हललं नाही. गुडघ्याला भोक पडलं, बुजलं. साहेबांनी एकदा चष्मा सारखा केला, पण बोलले नाहीत. मेंढरू सापडलं. संपलं.

आम्ही जिंकलो होतो. खरंच जिंकलो होतो.

साहेबांनी घोंगडी बाजूला सारून उजेड केला आणि हसून विचारलं, "मुलांनो, मेंढपाळ एका मेंढराला शोधायला गेला. मग बाकीची नव्व्याण्णव कुणाजवळ होती बरं?"

पोरांनी माना खाली घातल्या. बाई घड्याळाकडं बघत होत्या. आणि मला उत्तर येत होतं. पोरी, उत्तर येत असताना गप्प बसणं मला अजूनही जमत नाही, तेव्हा तर मी दहा वर्षांची होते. हात वर गेला, आणि हाताच्या आधी तोंड.

"बिरूआबांजवळ!"

"कोण बिरूआबा?"

आबांनी तोंडातनं घोंगडी काढली आणि उभे राहिले. "म्या," म्हणाले. छाती पुढं काढून.

साहेबांना काही उलगडेना. म्हणून मी समजावून सांगितलं. सगळंच सांगितलं. आबा कसे उठले, गुडघा कसा पेटला, बाई कशा ओरडल्या, म्हैस कशी उठली. पुस्तिका बाई वाचतच नाहीत, हेही. त्याहून छान सांगतात, हेही. मला वाटत होतं, मी बाईंचं कौतुक करतेय. साहेबांचं हसू कमी कमी होत गेलेलं मला दिसलंच नाही.

"बाई, हे खरं आहे?"

"खरं आहे."

"पवित्र शास्त्रातली गोष्ट आपण बदलू शकत नाही. आपल्याला तो अधिकार नाही."

"बदलली नाही साहेब. राखण ठेवली," बाई म्हणाल्या. "आणि होता म्हटलं नाही. समजा म्हटलं."

साहेबांनी पुस्तिका मिटून खिशात घातली. मग म्हणाले, फिल्म जळकी आहे, दुरुस्तीला न्यावी लागेल. मशीन जीपमध्ये ठेवलं. बाई सोबत गेल्या. जीपमध्ये त्या मशीनशेजारी बसल्या होत्या, आणि त्या दिवशी त्या वाडीतून समोर तोंड करून गेल्या.

मशीन परत यायचं नाही, हे आम्हाला गुरुजींनी सांगितलं.

मग माझे काय हाल झाले, ते विचारू नकोस. पोरं बोलेनात. विहिरीवर बायका म्हणायच्या, "हिनंच घालवला शिनेमा." आई म्हणाली, "तुझी जीभ हाय का जातं? घातलं की दळलंच." खुद्द आबा तेवढे म्हणायचे, "तिनं काय वंगाळ क्येलं? राखणदाराचं नाव घेतलं," पण त्यांचं कोण ऐकतो. मी ठरवून टाकलं, आता बाई येणार नाहीत, आणि आल्या तर मी त्यांना तोंड दाखवणार नाही.

नेमलेल्या दिवशी गाडीची घुंगरं वाजली. लांबून छत्री दिसली, मग अंबाडा. मी पळाले. आमच्या गोठ्यामागं भाताच्या पेंढ्याची गंज होती, तिच्यात शिरले आणि वरून पेंढा ओढून घेतला. शाळेत पोरं जमल्याचा कालवा ऐकू आला. मग तो थांबला. मग कितीतरी वेळ काहीच नाही. माझी खात्री झाली, त्यांनी माझ्याशिवाय सुरू केलं, आणि ते बरोबरच होतं.

तेवढ्यात छत्रीचं टोक माझ्या बरगडीत लागलं.

"बाहेर ये. पेंढ्यात विंचू असतात."

"मी हितं न्हाई," मी म्हणाले.

"खोटं."

मी बाहेर आले. केसांत पेंढा, नाकातनं पाणी. बाईंचे ओठ पांढरेफटक होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं. गंजीकडं यायला वाट एकच, गोठ्यातून. आमचे दोन्ही बैल तिथं दावणीला होते. बाई त्यांच्या पुढून चालत आल्या होत्या. समोर बघत.

"बाई, मशीन माझ्यामुळं गेलं ना?"

दुसऱ्या कुणीही म्हटलं असतं, नाही गं बाळ. मलाही तेच हवं होतं. पण मी कुणाला विचारत होते?

"हो," बाई म्हणाल्या. "तुझ्यामुळं गेलं." मग नाक पुसायला पदर दिला. "पण तू खरं बोललीस. ते मी शिकवलं. तेव्हा निम्मा दोष माझा."

"आन् निम्मा?"

"निम्मा तुझा. साहेबांनी एक विचारलं, तू सात सांगितलीस. विचारलं तेवढंच सांगावं."

ते मला आजतागायत जमलेलं नाही, बघतेसच तू.

एकदम मला शाळा आठवली. "बाई, आन् तिकडं पोरं? सगळी सोडून आलात?"

"मी काय वेडी आहे? बिरूआबांना दारात बसवून आलेय."

बाईंनी गोठ्याकडं बघितलं. "आता परत त्यांच्या पुढून जायचं आहे," म्हणाल्या. "माझा हात धर."

मग मी बाईंना घेऊन आले. बैलांच्या बाजूनं मी, भिंतीच्या बाजूनं त्या. त्यांचा हात माझ्या हातात गारठलेल्या कोकरासारखा होता.

शाळेच्या दारात आबा काठी आडवी धरून बसले होते. आत पोरांचा कालवा. "मोजून घ्या बाई," आबा म्हणाले, "येक बी कमी न्हाई. त्यो धाकला मगाधरनं मुतायला जातो म्हंतोय, त्याला बी सोडला न्हाई."

आत घोंगड्या टांगलेल्या होत्या. चादर लावलेली होती. मशीनच्या जागी रिकामं स्टूल. बाई स्टुलामागं बसल्या, हात उचलला आणि हवेत हँडल फिरवायला लागल्या.

"मशीन आहे, समजा," म्हणाल्या.

आणि खरं सांगते, दिसलं. दाढी हलली. अकरा झाडं गेली, आम्ही अकरा मोजली. शंभर मेंढरं होती. चित्रकार नव्हता, त्यामुळं ह्या खेपेला शंभरच्या शंभर होती. शेजारी बिरू बसला होता. गुडघ्यात भोक पडलं तेव्हा सगळे एकदम "आऽऽ" म्हणाले. सूर्य तेवढा खरा होता. हरवलेल्या मेंढराचा आवाज बाईंनी मला काढायला लावला, आणि मी इतका वेळ बें बें केलं, की शेवटी आबा म्हणाले, "आगं घावलीस की आता, गप."

पुढं दोन वर्षांनी बाईंची बदली झाली. जाताना ती चादर त्यांनी मला दिली. मी म्हटलं, "बाई, तुमची आठवण येईल." त्या म्हणाल्या, "पहिले दोन-तीन महिने येईल. मग कमी होईल." आयुष्यात तेवढं एकच त्या चुकीचं बोलल्या.

तर असं होतं आमचं कार्टून. आता तुझं ऐक. हितं सगळे असतात, तुझा काका, काकू, त्यांची पोरं, शेजारची दोन. जेवायला पानं मांडली की मी मनात मोजते, आणि एक कमी भरतं. मीच निघाले असते शोधायला, पण गुडघे त्या मेंढपाळासारखे झालेत, आणि मागं राखणीला बिरूआबा नाहीत. तेव्हा तूच ये. पोरीला आण. वाटेत बैल नाहीत आता, ट्रॅक्टर आहेत. चादर ट्रंकेत आहे, डाग पुसट झालाय पण आहे. खिडक्यांना घोंगड्या टांगू, पोरगी जेवते की नाही बघू. येत्या शनिवारीच ये. 'आजी, मी आले असं समज' हे मात्र फोनवर म्हणू नकोस. खरीच ये.